नवे नाटक वाचायचे कुठे?

‘तेंडुलकरांनंतर मराठीत नाटककार झाला नाही’ हे विधान मराठी सुशिक्षितांच्या बैठकीत इतक्या वेळा ऐकू येते की ते मत आहे की शिष्टाचार, असा प्रश्न पडावा. असे म्हणणाऱ्याला गेल्या पंचवीस-तीस वर्षांतील कोणती नाटके पाहिली असे विचारले, तर उत्तर मिळते. त्या उत्तरात बहुधा नटांची नावे असतात, क्वचित दिग्दर्शकाचे असते. कोणती वाचली असे विचारले की संभाषण थांबते. म्हणजे नाटककार झाला नाही हा निष्कर्ष न वाचलेल्या वाङ्मयाविषयी काढलेला असतो. कादंबरीविषयी कोणी असे केले तर त्याला अडाणी म्हणतील. नाटकाविषयी करणारा मात्र रसिक ठरतो.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७), ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२), ‘महानिर्वाण’ (१९७४), ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) या नाटकांचे मोठेपण वादातीत आहे. परंतु ते मोठेपण देशभर पोचले कसे, याचा विचार फारसा होत नाही. ‘घाशीराम’मधील ब्राह्मणांची ती हलती भिंत ज्यांनी प्रत्यक्ष पाहिली नाही, अशा इंदूरच्या, बडोद्याच्या, हैदराबादच्या मराठी वाचकालाही ते नाटक आपले वाटते. वसंत देवांच्या हिंदी अनुवादातून ते उत्तरेकडच्या रंगकर्मींच्या हाती गेले. ही सारी वाटचाल छापील संहितेच्या आधाराने झाली. ‘नटसम्राट’ १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी उभे केले. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी तीच भूमिका आपापल्या परीने केली. आणि स्नेहसंमेलनात बेलवलकरांचे स्वगत म्हणणारी शाळकरी मुले तर मोजताही येणार नाहीत. त्यांतल्या बहुतेकांनी लागूंना रंगमंचावर पाहिलेले नाही. त्यांच्या हाती पुस्तक होते, एवढेच.

नव्या नाटकाच्या वाट्याला नेमके हेच येत नाही. प्रकाशक म्हणतात, नाटकाचे पुस्तक खपत नाही. समीक्षक म्हणतात, नाटक हा प्रयोगाचा विषय आहे, संहिता म्हणजे केवळ आराखडा. प्राध्यापक म्हणतात, अभ्यासक्रमात जे आहे ते शिकवतो. तिन्ही विधाने स्वतंत्रपणे खरी वाटतात आणि एकमेकांच्या आधाराने उभी असतात. जे अभ्यासक्रमात नाही ते खपत नाही, जे खपत नाही ते छापले जात नाही, आणि जे नीट छापले जात नाही ते अभ्यासक्रमात कोठून यावे?

‘संहिता म्हणजे आराखडा’ हे मत अधिक प्रतिष्ठित असल्याने त्याचा समाचार आधी घ्यावयास हवा. मराठी नाटकाचा आरंभ १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या ‘सीता स्वयंवरा’ने झाला, असे पिढ्यानपिढ्या शिकवले गेले. हा आरंभ दीडशे वर्षे मागे नेणारी मराठी नाटके सापडली ती महाराष्ट्रात नव्हे, तमिळ मुलखात, तंजावरच्या सरस्वती महालात. शहाजीराजांच्या (राज्यकाल १६८४ ते १७१२) काळातील हस्तलिखितांच्या रूपाने. तिथल्या प्रयोगांची आठवण कोणाला उरलेली नव्हती. नट गेले, प्रेक्षक गेले, राज्यही गेले. आराखडा तेवढा राहिला. ज्यांना संहिता दुय्यम वाटते त्यांनी या आराखड्यावाचून तंजावरच्या रंगभूमीविषयी एक वाक्य लिहून दाखवावे.

आता पुरस्कारांकडे पाहावे. दिल्लीच्या रवींद्र भवनात साहित्य अकादेमी आणि संगीत नाटक अकादेमी या दोन्ही संस्था एकाच छपराखाली नांदतात, आणि नाटककार त्या दोहोंच्या मधल्या जिन्यात उभा असतो. मराठीपुरते बोलायचे तर साहित्य अकादेमीचा मुख्य पुरस्कार १९७४ साली ‘नटसम्राट’ला आणि २००२ साली महेश एलकुंचवारांच्या ‘युगान्त’ला मिळाला. त्यानंतरच्या वीस वर्षांत तो एकाही मराठी नाटकाच्या वाट्याला आला नाही. जयंत पवारांसारख्या नाटककाराला तो २०१२ साली मिळाला, पण ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहासाठी. ‘सिगारेट्स’ आणि ‘अमर फोटो स्टुडिओ’ लिहिणाऱ्या मनस्विनी लता रवींद्र यांना २०१६ चा युवा पुरस्कार मिळाला, तोही कथासंग्रहासाठीच. दोन्ही कथासंग्रह त्या मानाला पात्र होते, याबद्दल वाद नाही. परंतु नाटककाराने साहित्यिक म्हणून ओळखले जाण्यासाठी आधी कथा लिहावी, असा या व्यवहारातून निघणारा अर्थ नाटकाला मान खाली घालायला लावणारा आहे. प्राजक्त देशमुखांच्या ‘देवबाभळी’ला २०२० चा युवा पुरस्कार मिळाला, हे नमूद केलेच पाहिजे. नाटक तरुणपणी क्षम्य असते, असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये एवढीच अपेक्षा.

जयंत पवारांचे ‘अधांतर’ (१९९७) हे वाचनासाठी सुचवावयाचे पहिले नाटक. १९८२ च्या गिरणी संपावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. त्यात घोषणा आहेत, आकडे आहेत, हळहळ आहे. पवारांनी संप घराबाहेर ठेवला आणि चाळीतल्या एका खोलीत त्याचे काय होते ते दाखवले. आई पोळ्या लाटते, एक मुलगा लेखक होण्याच्या गोष्टी करतो, दुसरा गुंडगिरीच्या वाटेने जातो, जावई संपात अडकलेला. खोलीत कोणालाच उठून दुसरीकडे जायला जागा नाही, म्हणून प्रत्येक वाक्य कोणाला तरी लागते. हे वाक्यांचे लागणे पाहताना निसटते. प्रयोगात आईचे काम करणाऱ्या ज्योती सुभाष यांच्यावरून नजर हटत नव्हती, असे पाहणारे सांगतात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु आई कोणत्या क्षणी बोलत नाही, हे कळण्यासाठी पानावरची संहिताच समोर हवी. पुढे २०१० साली या नाटकावर चित्रपट निघाला आणि अनेकांनी ‘अधांतर’ पाहिले असे मानून टाकले. चित्रपटाने खोलीचे दार उघडले आणि बाहेरचा रक्तपात आत घेतला. मूळ नाटकाची ताकद त्या बंद दारात होती. पवार २०२१ साली गेले. तेंडुलकरांनंतर कोण, असे विचारणाऱ्या किती जणांनी तोपर्यंत हे पुस्तक उघडले होते?

राजकुमार तांगडे यांचे ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ (२०१२) हे दुसरे. जालन्याकडच्या शेतकरी मुलांनी मराठवाड्याच्या बोलीत ते उभे केले, आणि शिवाजी कोणाचा हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकातून काढून मोहल्ल्यातल्या शाहिरी सवाल-जवाबात आणला. त्या यशाचे श्रेय विषयाच्या धाडसाला देऊन मंडळी मोकळी झाली. खरे धाडस बोलीत आहे. या बोलीत विनोद हा शहरी प्रेक्षकाला गुदगुल्या करण्यासाठी येत नाही, तो वादातील प्रतिपक्षाला निरुत्तर करण्यासाठी येतो. आशुतोष पोतदारांचे ‘एफ-१/१०५’ याच्या दुसऱ्या टोकाला आहे: सदनिकेतल्या भिंतीचा रंग हिरवा, एवढ्यावरून माणसे काय काय वाचू लागतात, याचे ते कोरडे, तिरकस नाटक. दोन्ही नाटकांचे दुखणे एकच, पण एकाची भाषा दुसऱ्यात घालून पाहिली तर दोन्ही कोसळतील. ‘देवबाभळी’त आवलीच्या पायात काटा रुतला आहे आणि तिची सेवा करायला लखुबाई होऊन रखुमाई आली आहे, विठ्ठल आणि तुकोबा रंगमंचाबाहेर ठेवून त्यांच्या बायकांचे बोलणे ऐकवणारा हा नाटककार ओवी-अभंगाची लय गद्यात सांभाळू शकतो. संगीताच्या मोहिनीत ते गद्य ऐकायचे राहून जाते, ही नाटकाच्या यशाची किंमत म्हणावी.

एकपात्रीची अवस्था याहून वाईट. मराठीत ‘एकपात्री’ हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींवर पांघरला जातो. पु. ल. देशपांडे १९६१ पासून ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने सादर करीत, ते लेखकाने स्वतःच्या गद्याला दिलेले शरीर होते. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये बावन्न व्यक्तिरेखा उभ्या करीत, ती नटाची अचाट किमया होती. तिसरी गोष्ट म्हणजे नाटककाराने एकाच व्यक्तिरेखेसाठी लिहिलेले नाटक, ज्यात दुसरे पात्र नाही कारण तिचे ऐकणारे कोणी उरलेले नाही. पहिल्या दोहोंच्या लोकप्रियतेने तिसऱ्याला झाकून टाकले. एकपात्री म्हटले की किती आवाज काढले, किती वेळा उपरणे बदलले, हे विचारले जाते.

सुषमा देशपांडे यांचे ‘व्हय, मी सावित्रीबाई’ (१९८९) या तिसऱ्या जातीचे आहे. येथे सावित्रीबाई पुतळ्यावरून खाली उतरून श्रोत्यांशी बोलतात. शेण-दगडांचा प्रसंग आणि घरातला संसार एकाच स्वरात सांगतात, आणि म्हणूनच अंगावर येतात. तमाशातल्या स्त्रियांशी झालेल्या बोलण्यातून लिहिलेले ‘तिच्या आईची गोष्ट’ हेही त्यांचेच. चेतन दातारांचे ‘१, माधवबाग’ हे आपला मुलगा समलिंगी आहे हे कळलेल्या आईचे बोलणे आहे. ती पुरोगामी नाही, दुष्टही नाही. मुलावरची माया आणि लोकलाज यांच्यात चाचपडत ती शब्द शोधते, आणि मराठीत त्या शब्दांची किती टंचाई आहे हे तिच्या अडखळण्यातून उघडे पडते. दातार २००८ साली अकाली गेले. अशा संहिता छापील रूपात सहज मिळू नयेत आणि नाट्यशिक्षणाच्या वर्गात अभिनयाच्या चाचणीला अजूनही बेलवलकरच यावेत, याला शिरवाडकर जबाबदार नाहीत.

दोष एका बाजूचा नाही. नाटककारही संहितेकडे निष्काळजीपणे पाहतात. तालमीत बदललेली वाक्ये नटाच्या तोंडी राहतात, मूळ प्रतीत येत नाहीत. पन्नासाव्या प्रयोगानंतर खरी संहिता कोणती, हे खुद्द लेखकाला सांगता येत नाही. निर्मात्याला पुस्तक निघण्याची घाई नसते, किंबहुना भीतीच असते: उद्या कोणी परवानगीवाचून प्रयोग केला तर? परिणामी महाराष्ट्रातील प्रत्येक नवे नाटक खात्रीने वाचणारा वाचक एकच उरतो, तो म्हणजे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ. ज्या भाषेत नाटकाचा सर्वांत नियमित वाचक हा परवानगी देणारा आहे, तिथे रसिकतेच्या गप्पा थोड्या हलक्या आवाजात झालेल्या बऱ्या.

महाराष्ट्राबाहेर हा प्रश्न अधिक टोचतो. मुंबई-पुण्याचा प्रेक्षक प्रयोग चुकला तर पुढच्या महिन्यात पाहील. बेळगाव, ग्वाल्हेर किंवा दिल्लीच्या मराठी मंडळाला जे नाटक दौऱ्यावर आले तेच नाटक, आणि दौऱ्यावर येते ते ज्याला नामवंत चेहरा आहे ते. गणेशोत्सवात काहीतरी नवे करू पाहणारी हौशी मंडळी ग्रंथालयाचे कपाट उघडतात. तिथे पन्नास वर्षांपूर्वीची नाटके असतात, तीच पुन्हा बसवली जातात, आणि त्या प्रयोगाला आलेले पाहुणे भाषणात सांगतात की तेंडुलकरांनंतर मराठीत नाटककार झाला नाही.