चंदगड वगळून

दिवाळीच्या आगेमागे १ नोव्हेंबर येतो. त्या दिवशी कर्नाटकात राज्योत्सव असतो, तर बेळगाव-निपाणी-खानापूरची मराठी माणसे काळा दिन पाळतात. कागल ओलांडले की कोगनोळीच्या नाक्यावर त्या दिवशी पोलिसांचा बंदोबस्त दिसतो. आमच्या अंकाचे वाचक या नाक्याच्या दोन्ही अंगांना आहेत. यंदा महाराष्ट्र-कर्नाटक सीमारेषेबद्दल, आणि ती ज्या अधिकाराने ओढली गेली त्याबद्दल लिहितो आहे.

संसदेने १९५६ साली राज्य पुनर्रचना कायदा केला. नव्या म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) मुंबई राज्यातले कोणते जिल्हे जाणार हे त्यात सांगितले आहे: विजापूर, धारवाड, कारवार, आणि बेळगाव, पण चंदगड तालुका वगळून. एवढ्याशा अपवादाने चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात आला. बेळगाव, खानापूर, निपाणी पलीकडे गेली. चंदगडच्या शेतकऱ्याला कोणी विचारले नव्हते आणि निपाणीच्या विडी कामगारालाही नाही.

विचारण्याचे बंधन घटनेत नाहीच. अनुच्छेद ३ नुसार नवे राज्य करणे, सीमा हलवणे, नाव बदलणे हे सारे संसद साध्या बहुमताने करू शकते. राष्ट्रपती संबंधित विधिमंडळाचे मत ठरावीक मुदतीत मागवतात; ते मत संसदेवर बंधनकारक नसते. याचा पहिला मोठा अनुभव आपल्यालाच आला. १९५६ च्या मूळ विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई असे तीन वेगळे घटक होते. संसदेने ऐनवेळी ते मोडून द्विभाषिक मुंबई राज्य केले, तेही या बदलावर मुंबई विधिमंडळाचे मत पुन्हा न घेता. याविरुद्ध बाबुलाल पराते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५९ मध्ये हरले. एकदा मत मागवले की दुरुस्तीगणिक पुन्हा मागवायची गरज नाही, असे न्यायालयाने सांगितले. २०१४ मध्ये आंध्र प्रदेशच्या विधानसभेने विभाजनाचे विधेयक फेटाळले, तरी तेलंगण झालेच.

मग या अधिकाराला बांध कुठे? बेरुबारी प्रकरणात १९६० साली न्यायालयाने एक बांध घातला: देशाची जमीन परक्या राष्ट्राला द्यायची तर अनुच्छेद ३ पुरत नाही, घटनादुरुस्तीच लागते. देशांतर्गत सीमांच्या बाबतीत मात्र हात मोकळाच आहे. महाराष्ट्राने २००४ मध्ये १९५६ च्या कायद्याला आव्हान देणारा दावा लावला. सीमा हा फक्त संसदेचा विषय आहे, असे कर्नाटक म्हणते. वीस वर्षे उलटली. दावा नेटाने लढलाच पाहिजे. पण न्यायालयाने उद्या आपले म्हणणे मान्य केले, तरी नवी रेषा संसदेलाच आखावी लागेल, असे मला वाटते. या सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणीसह २६४ गावे महाराष्ट्राला सुचवली. ती आपल्याला अपुरी वाटली, आपण अहवाल नाकारला, आणि संसदेने तो कधी कायद्यात उतरवला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या विधिमंडळाने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी एकमताने ठराव केला. त्या ठरावाने एक गावही हलत नाही.

संसदेला लोकांचे मत विचारता येत नाही, असे मात्र नाही. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण करावे की नाही, हे ठरवण्यासाठी संसदेने १९६६ मध्ये खास कायदा केला आणि १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. कौल विलीनीकरणाच्या विरुद्ध गेला. अनेकांना तो झोंबला, पण महाराष्ट्राने मानला. गोमंतकीयांना जो मान मिळाला, तो बेळगावकरांना का नाही? कौल आपल्या मनासारखा लागेल याची हमी कोणी देऊ नये. तरीही तो घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

आणखी एक जबाबदारी संसद विसरली आहे. त्याच १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेत प्राथमिक शिक्षण मिळावे म्हणून ३५० क हा अनुच्छेद घातला गेला. रेषा आखताना दिलेले ते वचन होते. सीमाभागातल्या मराठी शाळांची आजची स्थिती त्या वचनाशी ताडून संसदेत कोण मांडतो?

राज्य पुनर्रचना कायदा जुना झाला, पण निजलेला नाही. त्याच्याच कलम ५१ च्या आधारे १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. वकिलांनी त्यासाठी चार दशके लढा दिला. त्याला संसदेच्या नव्या शिक्क्याची गरज पडली नाही. सीमेला ती पडणार आहे.

सीमा बदलणारे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीवाचून मांडता येत नाही. सीमाभागात जनमत घ्या, असा अशासकीय ठराव मांडण्याची वाट मात्र प्रत्येक खासदाराला खुली आहे. कोल्हापूर आणि हातकणंगल्याच्या खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून तो मांडावा. बेळगाव आणि चिक्कोडीच्या खासदारांनी हवा तर विरोध करावा. निदान सीमाभागातल्या मतदारांचे नाव घेऊन लोकसभेत चर्चा तरी होईल.