अर्धी बहीण की दुहेरी बहीण?

गेल्या महिन्यात अमेरिकेतल्या भाचीचा मेसेज आला. "मामा, एक विचारू? आईला सांगू नकोस हं." अशी सुरुवात झाली की माझ्या पोटात गोळाच येतो.

भाची म्हणजे माझ्या आत्येबहिणीची मुलगी. तिने हौसेने आईची डीएनए चाचणी करून घेतली होती. नळीत थुंकी भरून पाठवायची, की काही आठवड्यांत नातेवाइकांची यादी हजर. यादीत सगळ्यात वर नाव होतं लंडनला राहणाऱ्या माझ्या चुलत बहिणीचं. ते ठीकच, भाचीच्या आईची ती मामेबहीण. पण नावापुढे लिहिलं होतं, 'हाफ सिस्टर'. म्हणजे दोघींचे वडील तरी एक, नाहीतर आई तरी!

पोरीने बराच अभ्यासही केला होता. दोघांचा डीएनए किती जुळतो ते सेंटिमॉर्गन नावाच्या मापात मोजतात. सख्ख्या भावंडांत साधारण २६०० जुळतात, आई किंवा वडील एकच असलेल्या भावंडांत १७५० च्या आसपास आणि 'फर्स्ट कझिन'मध्ये साडेआठशे-नऊशे. इथे निघाले होते १७०० च्या वर. "मामा, म्हणजे आजोबांनी..." पुढचं वाक्य तिने लिहिलंच नव्हतं. आजोबा आता हयात नाहीत. तीन आठवडे ती आईशी धड बोलली नव्हती.

खोटं कशाला बोलू, ती रात्र मलाही नीट झोप लागली नाही. सकाळी चहा पिताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि मी भडगावला आत्याला फोन लावला. ती हसायलाच लागली. म्हणाली, "तिला सांग, एका मांडवात दोन लग्नं लागली होती."

साटंलोटं! १९७२ चं, दुष्काळाचं साल. दोन्ही घरी पैशाची ओढाताण. माझी आत्या त्या घरात दिली आणि तिच्या नवऱ्याची बहीण माझ्या काकाला करून आणली. हुंडा नाही, मांडव एक, जेवणावळ एक. आत्या आणि काकू तेव्हापासून एकमेकींच्या नणंदाही आणि भावजयाही. हे आम्हाला लहानपणापासून इतकं ठाऊक, की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही. अमेरिकेत जन्मलेल्या मुलीला कोण सांगणार?

आता हिशोब करा. या दोन बहिणी आईकडूनही नात्यात आणि वडिलांकडूनही. एकीची आत्या ती दुसरीची आई, एकीचा मामा तो दुसरीचा बाप, आणि हेच उलटही खरं. प्रत्येक बाजूने साडेबारा टक्के डीएनए सारखा, दोन्ही मिळून पंचवीस. सावत्र बहिणींतही पंचवीसच! आकडा बरोबर होता, त्याला लावलेलं नाव चुकलं.

भाचीची खात्री पटावी म्हणून आणखी एक गोष्ट तपासायला सांगितली. बापाकडे एक्स गुणसूत्राची एकच प्रत असते आणि ती प्रत्येक लेकीला जवळजवळ जशीच्या तशी जाते. त्यामुळे एका बापाच्या दोन लेकींचं एक एक्स गुणसूत्र या टोकापासून त्या टोकापर्यंत जुळायला हवं. इथे जुळत होते फक्त तुटक तुकडे. आजोबा निर्दोष सुटले!

माझं म्हणणं एवढंच, की या चाचण्यांचा निकाल वाचताना आपली नात्याची भाषा हाताशी ठेवा. इंग्रजीत चुलत, मावस, मामे, आत्ते या सगळ्यांना एकच 'कझिन'. तिथल्या तक्त्यांत बहुधा असं धरलेलं असतं की दोन माणसं एकाच वाटेने नात्यात आहेत. आपल्याकडे साटंलोटं आहे, मामाची मुलगी करायची पद्धत आहे, दोन सख्ख्या भावांना दोन सख्ख्या बहिणी दिलेल्या आहेत. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या 'किन्शिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या ग्रंथात ही नात्यांची वीण प्रांताप्रांतानुसार मांडून ठेवली आहे.

लांबच्या नात्यांत तर घोळ आणखी मोठा. त्या यादीत भाचीला 'चौथ्या पिढीतले कझिन' ढिगाने सापडले होते. पिढ्यान् पिढ्या जातीतच लग्नं झाली की अनेक जुन्या पूर्वजांचे छोटे छोटे तुकडे साचत जातात आणि लांबची माणसं जवळची दिसू लागतात. २०१७ साली 'नेचर जेनेटिक्स'मध्ये एक अभ्यास आला होता. हैदराबादच्या सीसीएमबीचे शास्त्रज्ञही त्यात होते. दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समाजगटांतले २८०० वर लोक त्यांनी तपासले. त्यातल्या ८१ गटांत मोजक्या पूर्वजांचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक निघाला. म्हणून तुटपुंज्या जुळणीवरून कुणाला भाऊबंद ठरवू नये. जुळलेला सगळ्यात लांब सलग तुकडा केवढा आहे ते आधी पाहावं.

याचा अर्थ चाचणी टाकाऊ आहे असं नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत बहुतेक पुरुषांचीच नावं सापडतात. डीएनए मात्र आज्या-पणज्यांचाही माग ठेवतो. आणि कुणाच्या घरी 'हाफ सिस्टर' खरंच हाफ सिस्टर निघेलही. पण तो निवाडा संगणकाने लावलेल्या एका शब्दावर करू नका. आधी कागदावर वंशावळ काढा, त्यात सुनांची माहेरं लिहा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. तेही लवकर विचारा. आत्या आहे म्हणून आमचं निभावलं.

भाचीने त्याच रात्री आईला फोन केला. दोघी दीड तास बोलल्या म्हणे. आता तिला दिवाळीत भडगावला येऊन आत्याकडून सगळी नाती लिहून घ्यायची आहेत. मी सांगितलंय, वही जाडजूड आण!