पदवीचे पैसे वसूल होतील का?



भातकापणी उरकल्यावर वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातील पासली गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते जमा झाले, वहीत सह्या-अंगठे झाले आणि एका मावशींनी कर्जाची मागणी मांडली. त्यांच्या धाकट्या मुलीचे बी.ए. झाले आहे. शाळेपासून ती धावण्यात आणि कबड्डीत पुढे. तिला आता शारीरिक शिक्षणाची पदवी, बी.पी.एड., करायची आहे. मावशींनी त्यासाठी गटाकडे पैसे मागितले.

दुसऱ्या एकीने लगेच विचारले, "एवढं पैसं घालून पोरगी खेळच शिकवनार ना? मग त्यो पैसा परत येनार कवा?" कोपऱ्यातून एक आजी म्हणाल्या, "थोरल्या नातीच्या लग्नाचं कर्ज अजून फेडतोय आमी. तवा न्हाई कुनी असं इचारलं."

बायका हसल्या, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. गटाचा पैसा घामाचा आहे. तो परत येईल का, हे विचारणे त्यांचा हक्कच आहे. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आणि हिशेब मांडून आणायचे काम माझ्याकडे आले. हा प्रश्न एकट्या पासलीचा नसल्याने तो हिशेब इथेच मांडते.

आधी खर्च. २०१५ पूर्वी बी.पी.एड. एका वर्षाचे होते, आता ते पदवीनंतर दोन वर्षांचे आहे. प्रवेशासाठी राज्याची सामाईक परीक्षा आणि मैदानी चाचणी द्यावी लागते. फीबाबत एक चांगली गोष्ट घडली आहे. केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या, ८ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून शासन भरते. आपण निवडलेल्या महाविद्यालयात ही सवलत मिळते का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्यावे. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली तर सवलत हातची जाईल.

पण फी म्हणजे सगळा खर्च नव्हे. पासलीहून रोज पुण्याला जाऊन-येऊन हे शिक्षण होणारे नाही. राहणे आले, खानावळ आली, मैदानावर झिजणारे बूट आले. शिवाय एक खर्च कोणीच वहीत लिहीत नाही, तो म्हणजे मुलीचा बुडालेला रोज. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. वर्षाला शंभरच दिवस धरले तरी दोन वर्षांचे ६२,४०० रुपये होतात. भातलावणीला कमी पडणारे दोन हात, घरचे पाणी, जनावरे हे सारे त्याहून वेगळे. बाईच्या कामाला मोल नाही असे आपण म्हणतो, पण ती शिकायला गेली की ते मोल घरात लगेच जाणवते.

आता मिळकत. अनुदानित माध्यमिक शाळेत जागा मिळाली तर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून महिना १८,००० रुपये मानधन मिळते. २०२३ पूर्वी ते ८,००० होते. तीन वर्षांचे ६,४८,००० झाले. पुढे नियमित झाल्यावर मूळ वेतन ३८,६०० पासून सुरू होते. एवढेच पाहिले तर पदवीचा खर्च पहिल्या वर्षातच भरून निघावा.

सगळा प्रश्न "जागा मिळाली तर" या शब्दांचा आहे. महाराष्ट्रात व्यायामशिक्षण देणाऱ्या संस्था पूर्वीपासून आहेत. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे आणि कांदिवलीची प्रशिक्षण संस्था १९३८ ची. तुटवडा आहे तो नेमणुकांचा. २०१२ पासून कित्येक वर्षे शिक्षकभरती जवळजवळ ठप्प होती. २०१७ नंतर पवित्र पोर्टल आले, पण गणित-विज्ञानाची जागा भरताना जी निकड दिसते ती खेळाच्या जागेसाठी दिसत नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा तर सहावी ते आठवीत १०० हून अधिक मुले असतील तरच शारीरिक शिक्षणासाठी निदेशक देतो, तोही अंशकालीन. डोंगरातल्या शाळांत एवढी मुले कुठून येणार? म्हणजे पासलीसारख्या गावातल्या मुलींना कायद्याने खेळाच्या बाई मिळत नाहीत, आणि त्याच गावातली मुलगी पदवी घेऊन आली तर तिला गावाजवळ काम मिळत नाही. दोन्हीकडून नुकसान तिचेच.

उरतात विनाअनुदानित शाळा. तिथे शिक्षणसेवकाहूनही कमी पैशांत राबणाऱ्या कितीतरी मुली मला भेटल्या आहेत. खेळाचा तास, संचलन, स्नेहसंमेलन, सहलीला मुलींसोबत जाणे ही सारी कामे त्यांचीच, आणि मे महिन्याचा पगार नाही.

इथे काही गोष्टी वेगळ्या करून सांगायला हव्यात. शासकीय नोकरीतले ५ टक्के खेळाडू आरक्षण पदक मिळवलेल्या खेळाडूसाठी आहे, पदवीसाठी नाही. खो-खोपटू सारिका काळे हिला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, ती तालुका क्रीडा अधिकारी झाली. ते तिच्या खेळाचे फळ. पोलीस भरतीला बारावी पुरते. तिथे ८०० मीटर, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक आहे, महिलांना ३० टक्के जागा आहेत आणि मूळ वेतन २१,७०० पासून आहे. नोकरीची तातडी असलेल्या मुलीने भरतीची तयारी आधी करावी, असेच मी सांगेन. बी.एड.ने विषयशिक्षकाच्या जागांचा मार्ग खुला होतो, एकट्या बी.पी.एड.ने तो होत नाही. हे मुलीला आधीच ठाऊक असले पाहिजे.

मग ही पदवी घेऊच नये का? असे मी म्हणणार नाही. पाळी सुरू झाली की मुलगी मैदानातून बाजूला होते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. कपड्यांची लाज, गावाची नजर, शिकवणारे सर. मैदानावर एक बाई उभी असली तर यातले बरेच सोपे होते. मुलगी पोट दुखते असे सांगू शकते, नको तो स्पर्श झाला तर बोलू शकते. हे मोल मोठे आहे. पण त्या मोलाकडे बोट दाखवून बाईला मानधनावर राबवायचे, हा डाव आपण अंगणवाडीत आणि आशांच्या बाबतीत ओळखला आहे. सन्मानावर घर चालत नाही.

म्हणून गटाला मी तीन गोष्टी सुचवणार आहे. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून आणि शुल्कसवलतीसह मिळाला तरच कर्ज द्यावे, देणगी भरून घेतलेल्या जागेसाठी देऊ नये. परतफेड कोर्स संपल्यावर वर्षाने सुरू करावी, आणि दरम्यान मुलीने भरतीचा सराव सोडू नये. तिसरी गोष्ट आपल्या सर्वांसाठी. चार-पाच लहान शाळा मिळून एक पूर्णवेळ शारीरिक शिक्षिका नेमावी, असा ठराव ग्रामसभेत करून जिल्हा परिषदेकडे पाठवावा. शंभर मुलांची अट डोंगराळ तालुक्यांना लावू नका, हे त्यात स्पष्ट लिहावे.

पैसे वसूल होतील का, याचे उत्तर त्या मुलीच्या धावण्यावर थोडे आणि शाळांमधल्या जागांवर जास्त अवलंबून आहे. कर्ज मंजूर झाले तर धोका मायलेकी आणि त्यांचा गट पत्करतील. जागा निर्माण करून घेण्याचे काम एकट्या गटाच्या आवाक्यातले नाही, त्यासाठी आपण सगळ्या लागणार.

तुमच्या तालुक्यात बी.पी.एड. झालेल्या मुली आज काय करतात, त्यांना किती पगार मिळतो, शाळेत खेळाच्या बाई आहेत का, हे आम्हाला जरूर लिहून कळवा. मावशींची बैठक पुढच्या महिन्यात आहे.