एका विशेषणाची कूळकथा

गेल्या दिवाळीत आमचा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला होता. मालवाहू जहाजावर तो अभियंता आहे; वर्षातले सात-आठ महिने पाण्यावरच. फराळाचे ताट पुढे करीत आमच्या सौभाग्यवतींनी त्याच्या सोबत्यांची चौकशी केली, तेव्हा तो म्हणाला, "काकू, निम्मे खलाशी फिलिपिन्सचे. त्यांतला एक इलोकानो आहे. बाकीचे त्याला येता-जाता 'कुरिपोत' म्हणून चिडवतात." कुरिपोत म्हणजे चिक्कू. सुका मासा दोरीला टांगावा आणि त्याच्याकडे पाहत कोरडा भात गिळावा, अशी इलोकानो माणसाची रीत, असा त्या जहाजावरचा विनोद.

"मग तो काय म्हणतो?"

"हसतो, सर. पण पगार झाला की सर्वांच्या आधी घरी पैसे पाठवतो तोच."

मला मात्र हसू आले नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी शाळेची सहल मांडवगडास निघाली असता वर्गणी न आणणाऱ्या एका मुलास मी भर वर्गात म्हणालो होतो, "तुमच्या घराण्यात पैसा सुटतच नाही वाटते!" वर्ग हसला, तोही हसला. त्याच्या वडिलांची गिरणी बंद पडून दीड वर्ष लोटले होते, हे मला पुढे कळले. ते हसणे मी अद्याप विसरलेलो नाही. म्हणूनच त्या परक्या खलाशाच्या विशेषणाचे मूळ शोधावेसे वाटले आणि पुढचे दोन महिने त्या वाचनात गेले.

लुझोन बेटाच्या वायव्येस, पश्चिमेकडील समुद्र आणि पूर्वेकडील कॉर्दिलेरा पर्वत यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी आहे, तेच इलोकोस. वाचकांपैकी ज्यांचे मूळ गाव कोकणात आहे, त्यांना हे चित्र निराळे समजावून सांगावयास नको. जमीन थोडी, माणसे फार, पावसाळ्यात वादळे आणि पुढे कित्येक महिने आभाळ कोरडे. अशा भूमीत उधळेपणा परवडतो कोणाला? तेथील स्वयंपाकही याची साक्ष देतो. वांगी, कारली, भेंडी यांना खारवलेल्या माशांच्या रसाची जोड दिली की झाले 'पिनाकबेत'. शेवग्याचा पाला तर घरोघरी. परसात उगवते ते रांधावे आणि उरते ते खारवून ठेवावे, ही त्या मातीने शिकवलेली गृहिणीची विद्या होय. कोकणी माणसाच्या चिकटपणाच्या गोष्टी आपणही चवीने सांगतोच की! त्याची मनीऑर्डर किती चुली पेटवीत असे, ते मात्र त्या गोष्टींत नसते.

इलोकानो भाषेत काटकसरी माणसाला 'नसलिमेतमेत' म्हणतात आणि कंजूष माणसाला 'नाइमुत'. पहिला शब्द कौतुकाचा, दुसरा निंदेचा. बाहेरच्यांनी मात्र या दोहोंचे एकच 'कुरिपोत' करून टाकले. भाषेच्या मास्तराला अशी गल्लत फार खटकते.

या काटकसरी लोकांस गरीब गाय समजण्याची चूकही अनेकांनी केली. स्पॅनिश सरकारने उसाची 'बासी' नावाची घरगुती मदिरा खाजगीरीत्या गाळण्यास बंदी केली, तेव्हा १८०७ मध्ये हेच शेतकरी शस्त्रे घेऊन उठले. तो उठाव चिरडला गेला. पण १८२१ मध्ये एस्तेबान व्हिलान्युएव्हा याने त्यावर रंगवलेली १४ चित्रे आजही व्हिगान शहरात पाहावयास मिळतात. त्याआधी १७६३ मध्ये दियेगो सिलांग मारला गेल्यावर त्याची पत्नी गाब्रिएला हिने लढा पुढे चालवला आणि त्याच वर्षी ती फासावर गेली.

परंतु या विशेषणाचा खरा व्यापार पुढे अमेरिकी अमलात झाला. २० डिसेंबर १९०६ रोजी 'डोरिक' नावाच्या आगबोटीतून १५ फिलिपिनो मजूर होनोलुलूस उतरले. त्यांच्या मागून हवाईतील उसाच्या मळ्यांवर हजारोंची रीघ लागली आणि तीत इलोकानोंचाच भरणा झाला. मळेवाल्यांचे दलाल उमेदवारांचे तळहात तपासून पाहत. घट्टे पडलेले, खरबरीत हात पसंत; मऊ हात, म्हणजे शिकलेला माणूस, नापसंत. इलोकानो काटकसरी, कष्टाळू, तोंडाला तोंड न देणारा, असे प्रशस्तिपत्र या खरेदीतून तयार झाले. आमच्या मते ही स्तुती त्या निंदेहून अधिक विषारी होती. एका जमातीस दुसरीविरुद्ध उभे करण्यासही ती उपयोगी पडली. १९२४ मध्ये काउआई बेटावरील हानापेपे येथे मुख्यतः व्हिसायन असलेल्या संपकऱ्यांनी दोन इलोकानो पोरांना अडकवून ठेवले; पोलीस आले आणि त्या चकमकीत १६ संपकरी व ४ पोलीस प्राणास मुकले.

त्यानंतरचा प्रसंग मला विशेष आवडला. १९४६ मध्ये संप होणार असे दिसू लागले, तेव्हा मळेवाल्यांनी सुमारे सहा हजार नवे मजूर आणवले. मजूर पुन्हा इलोकानोच, कारण ते मुकाट्याने काम करणार! पण कामगार संघटनेची माणसे जहाजावर खलाशी म्हणून आधीच चढली होती. होनोलुलूचा धक्का दिसण्यापूर्वीच त्या मजुरांच्या हाती संघटनेची सभासदपत्रे होती आणि त्याच वर्षीच्या मोठ्या संपात ते उतरले. पुढे १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील डेलानो येथे द्राक्षमळ्यांतील ज्या संपाने साऱ्या अमेरिकेचे लक्ष वेधले, त्याची सुरुवातही फिलिपिनो मजुरांनीच केली. त्यांचा पुढारी लॅरी इटलिओंग हा इलोकानोच.

आणखी एक शिक्का राजकारणाचा आहे. फर्डिनंड मार्कोस इलोकोसचे. १९६५ ते १९८६ सत्तेवर होते आणि १९७२ मध्ये त्यांनी लष्करी कायदा पुकारला. त्या मुलखाने त्यांची पाठराखण केली हे खोटे नव्हे. २०२२ मध्ये त्यांचे चिरंजीव अध्यक्ष झाले, तेव्हाही मतांचा ओघ तिकडूनच आला. पण तेवढ्यावरून 'इलोकानो म्हणजे अंधभक्त' ठरवणारे लोक, त्याच मुलखातल्या शेतकऱ्यांत काम करणारे झकारियास अगाटेप हे पाद्री १९८२ मध्ये मारले गेले, ही गोष्ट सोयीस्करपणे वगळतात.

भाषेच्या बाबतीत मात्र या लोकांचा हात सढळ. 'बान्नावाग', म्हणजे पहाट, हे त्यांचे साप्ताहिक १९३४ मध्ये निघाले आणि गाव सोडून दूरदेशी गेलेल्यांच्या घरांतही ते वाचले गेले. हवाई विद्यापीठात इलोकानोचे अध्यापन चालते. ला युनियन प्रांताने २०१२ मध्ये आपल्या कारभारात या भाषेस अधिकृत स्थान दिले. परमुलखात मराठी मासिक चालवणे म्हणजे काय, हे जाणणाऱ्या या अंकाच्या वाचकांस त्याचे मोल कळेल.

विद्यार्थी गेल्या महिन्यात पुन्हा जहाजावर रुजू झाला. जाण्यापूर्वी त्याचा दूरध्वनी आला, तेव्हा हे सारे त्याला ऐकवले. त्या भाषेत थोरल्या भावास 'मानोंग' म्हणतात. जुन्या काळी अमेरिकेत गेलेल्या त्या मजुरांनाही पुढच्या पिढीने याच नावाने ओळखले.

"तो खलाशी तुझ्याहून मोठा आहे का रे?" मी विचारले.

"दहा वर्षांनी तरी, सर."

"मग त्याला मानोंग म्हणत जा."