बर्फावरची बेगमी

वैशाख लागला की आमच्या आईची यादी सुरू व्हायची. कुरडया, पापड, सांडगे, खारातल्या मिरच्या, आणि पडवीत रचलेली कोरडी लाकडं. खानापूरच्या पलीकडे जंगलपट्टीत आमचं गाव. आषाढात ओढा भरला की बस बंद, दुकान बंद. "एकदा पाऊस लागला की मिठाचा खडा मागायलाही कुणाकडे जाता येत नाही," असं ती म्हणायची आणि यादी पुन्हा पहिल्यापासून वाचायची.

वाचकहो, अशीच यादी आपल्याकडून चार तासांच्या वाटेवर, वास्कोच्या हेडलँड सडा टेकडीवर दरवर्षी केली जाते. तिथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. १९९८ साली ते सुरू झालं. अंटार्क्टिकावरच्या आपल्या 'मैत्री' आणि 'भारती' या दोन घरांची बेगमी हेच केंद्र करतं. घरं किती लांब? गोव्यापासून हजारो किलोमीटर. शिवाय दोघांमध्ये आपसात सुमारे तीन हजार किलोमीटरचं अंतर, म्हणजे एका घरी साखर संपली म्हणून दुसऱ्या घरून वाटीभर आणावी, तीही सोय नाही.

आपली पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्यातूनच निघाली. डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जण आणि नॉर्वेचं भाड्याचं जहाज. ९ जानेवारी १९८२ रोजी ते बर्फावर उतरले. तेव्हापासून इतक्या मोहिमा झाल्या, पण बर्फातून जाणारी जहाजं आपण भाड्यानेच घेत आलो. दुसऱ्याच्या गाडीने लग्नाला जायचं म्हटलं की निघायची वेळही त्याचीच. मला हे खटकतं, पण ते असो.

जहाज तिथे पोचतं ते उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या डिसेंबर ते मार्चच्या सुमारास. एरवी समुद्रच गोठलेला. मैत्रीच्या बाजूला धक्का नाही, बंदर नाही. जहाज बर्फाच्या कड्याला लागतं आणि क्रेनने सामान थेट बर्फावर उतरवतात. तिथून मैत्री सुमारे शंभर किलोमीटर आत. रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्या मागे घसरगाड्या जोडून, एकामागून एक तांडा करून निघतात. वाटेत बर्फाच्या भेगा, आणि त्यांवर ताज्या हिमाची चादर, त्यामुळे वरून काही दिसत नाही. वादळ आलं की आहे तिथेच थांबायचं.

या घसरगाड्यांवर सगळ्यात जास्त काय असतं? मला वाटलं होतं, यंत्रं किंवा धान्य. असतं ते इंधन! साधं डिझेल त्या थंडीत मेणासारखं घट्ट होतं, म्हणून न गोठणारं खास इंधन न्यावं लागतं. दिवा त्यावर, ऊब त्यावर. मैत्रीशेजारी प्रियदर्शिनी नावाचं तळं आहे, पण त्याचं पाणी नळीतून घरात येईपर्यंत गोठू नये म्हणून नळीसुद्धा तापवत ठेवायची. तीही जनित्राच्याच जिवावर.

आणि शास्त्र? नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची उपकरणं मैत्रीवर पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद घेतात, हवामान खात्याचे लोक हवेची. अशा नोंदींची किंमत त्या अखंड असण्यात आहे. जनित्र बंद पडलं आणि चार दिवसांचा खंड पडला, तर ते दिवस पुन्हा मोजता येत नाहीत. म्हणून हिवाळ्यात मागे राहणाऱ्या वीस-पंचवीस जणांत शास्त्रज्ञांइतकेच मेकॅनिक, वीजतंत्री, डॉक्टर आणि स्वयंपाकी महत्त्वाचे. सुमारे दोन महिने तिथे सूर्य उगवत नाही. अशा वेळी गरम पोळी करून वाढणाऱ्याचं मोल काय असेल, ते आपल्या गृहिणींना मी सांगायला नको.

बेगमी चुकली की काय होतं, याचा धडा आपण घेतला आहे. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेने 'दक्षिण गंगोत्री' हे पहिलं घर सुमारे आठ आठवड्यांत उभं केलं. याच मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता आणि आपल्या नागपूरच्या अदिती पंत या अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया होत्या. घर चांगलं होतं, जागा चुकली. तरंगत्या बर्फाच्या थरावर बांधलेलं ते घर वर्षागणिक हिमाखाली जात राहिलं आणि १९९० च्या सुमारास सोडावं लागलं. मैत्री मग खडकावर, खांबांवर उभी केली. २०१२ ची भारती तर आणखी हुशारीची: १३४ मालवाहू कंटेनर जोडून आतलं घर झालं आणि वरून आवरण चढवलं. म्हणजे ज्या डब्यांतून लाडू पाठवायचे, त्या डब्यांचंच कपाट!

परतीची बेगमीही असते. अंटार्क्टिकाच्या पर्यावरणासाठीचा माद्रिदचा करार १९९८ साली लागू झाला. त्यामुळे रिकामी पिंपं, मोडकी यंत्रं, प्लास्टिक असा कचरा बांधून जहाजाने परत न्यावा लागतो. आपल्या गावाच्या वेशीवरचा उकिरडा आठवून मी हे दोनदा वाचलं.

२०२० साली कोविड आला आणि सगळी यादी विस्कटली. माणसं बदलायची तर होतीच, कारण आधीची तुकडी वर्षभर तिथे होती. जानेवारी २०२१ मध्ये त्रेचाळीस जणांची चाळिसावी मोहीम पुन्हा गोव्यातूनच जहाजाने निघाली. जाताना रोग न्यायचा नाही, एवढी एक ओळ यादीत वाढली होती.

आणि हो, तिथे टपालही आहे. एप्रिल २०२४ मध्ये भारती केंद्रावर शाखा उघडली, तिचा पिन कोड एमएच-१७१८. गोवा टपालाच्या हिशेबात महाराष्ट्र मंडळात येतो, म्हणून ही अक्षरं. तिथली पत्रं आधी जहाजाने गोव्याला येतात आणि मग पुढे आपापल्या गावी जातात. तिथे पत्र टाकणारा माणूस पुष्कळदा पत्राच्या आधीच घरी पोचत असेल.