हरवले ते सापडते की परत मिळवावे लागते?
हरवलेली छत्री सापडते, थकलेली उधारी वसूल होते, पडक्या देवळाचा जीर्णोद्धार होतो. या साऱ्यांना सरसकट ‘पुनर्प्राप्ती’ म्हटले की श्रम कोणाचे, हेच पुसले जाते. जयपूरचे जंतरमंतर पाहा. सवाई जयसिंगांची ही वेधशाळा हरवली नव्हती. सेकंदाला मिलिमीटरभर सावली सरकवणारे, 27 मीटर उंच सम्राट यंत्र जागेवरच होते. दुरवस्था झाली होती ती यंत्रांची. 1901 च्या दुरुस्तीला चंद्रधर शर्मा गुलेरींसारख्या संस्कृतज्ञाचा हात लागला. हा जीर्णोद्धार, ‘सापडणे’ नव्हे.

सरकारी कागदाला एकच शब्द सोयीचा, हा आक्षेप खरा. पण ती सोय फायलीची, भाषेची नव्हे. ‘सापडण्या’त नशीब आहे, ‘वसुली’त हक्क, ‘जीर्णोद्धारा’त मेहनत. हे भेद गमावले, तर ते आपसूक सापडणार नाहीत.