सर्टिफिकेट कुणाला, पुरावा कुणाचा?



भाताची कापणी उरकली की आपल्या पाड्यांवर आणखी एक हंगाम सुरू होतो. तो सर्व्हेचा. यंदा शहरातल्या एका कॉलेजाचं पत्र आलंय. ‘सामाजिक बदल समजून घेणे’ असा सर्टिफिकेट कोर्स त्यांनी काढलाय. पदवीची पोरं-पोरी तो करणार. इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल असे सगळे विषय त्यात एकत्र केलेत. वर्गात तास होतील, आणि ‘फील्ड’ म्हणून आपले पाडे. तीन दिवस मुक्काम, घरोघर प्रश्न, फोटो, मग रिपोर्ट. पोरांना सर्टिफिकेट. आपल्यासाठी पत्रात एकच ओळ आहे: सहकार्य करावे, ही विनंती.

सहकार्य आपण आजवर केलंच आहे. घरात माणसं किती, संडास आहे का, दारू पिता का, देव कोणता, सगळं सांगितलं. आपली म्हातारी दोन-दोन तास बोलली, आणि चहा पाजला तोही तिनेच. कॉलेजात भाषण करायला येणाऱ्या साहेबाला मानधन मिळतं. म्हातारीला काय मिळालं? तिच्या बोलण्याचं पुढे काय झालं, तो रिपोर्ट कुठल्या कपाटात गेला, हे कुणीही परत येऊन सांगितलं नाही.

आमचा राग पोरांवर नाही. शिकणाऱ्या पोरांची किंमत आपल्याला कळते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत आपली माणसं चालत गेली, तळपायाची सालं निघाली. शेवटच्या रात्री दमलेली असूनही झोपली नाहीत, रात्रीतूनच आझाद मैदानाकडे निघाली. कशासाठी? सकाळी दहावीचा पेपर होता. मोर्चामुळे मुंबईच्या पोरांची परीक्षा चुकू नये म्हणून. त्या मोर्चात आपली मागणी काय होती? कसतो ती वनजमीन नावावर करा. पोरांची परीक्षा वेळेवर झाली. आपले दावे मात्र अजून कचेरीत पडून आहेत.

आमचं भांडण वेगळं आहे. तीच म्हातारी, तेच बोलणं. कॉलेजच्या वहीत गेलं की त्याला अभ्यास म्हणतात, त्यावर सर्टिफिकेट मिळतं. वनहक्काच्या फाइलमध्ये गेलं की शेरा येतो, ‘पुरावा अपुरा’. हा कुठला न्याय?

कायदा असं म्हणत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्यावर ऐतिहासिक अन्याय झाला हे सुरुवातीलाच कबूल केलंय. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. सरकारी कागद आहेत. पण त्याच यादीत घर, बांध, विहीर आहे, दफनभूमी आणि देवाची जागा आहे, वंशावळ आहे. आणि दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचं तोंडी सांगणं लिहून घेतलं, तर तोही पुरावा आहे. यादीतले एकापेक्षा जास्त पुरावे असले की दाव्याचा विचार करायचा आहे. तरीही टेबलामागचा माणूस विचारतो, ‘पावती कुठे? उपग्रहाच्या फोटोत शेत दिसत नाही.’ उपग्रहाचा फोटो इतर पुराव्यांना जोड म्हणून घ्यायचा, त्यांच्या जागी नाही, हे केंद्र सरकारनेच सांगितलंय. ज्या वर्षी गार्डने दंड घेतला आणि पावती दिली नाही, ते वर्ष कुठल्या फोटोत दिसणार?

ही नुसती कागदाची गोष्ट नाही. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सुप्रीम कोर्टाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढायचा आदेश दिला. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. त्या पंधरा दिवसांत किती घरांत चूल पेटली पण घास उतरला नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. ‘पुरावा अपुरा’ या दोन शब्दांचं वजन तेवढं आहे.

आता त्या विषयांकडे बघा. कॉलेजने आज एकत्र केले म्हणे. आपल्या दाव्याच्या फाइलमध्ये ते कधी वेगळे होते? वंशावळ हा इतिहास. बांध, ओढा आणि चतुःसीमा हा भूगोल. नागली-वरई किती पिकली आणि सावकाराला किती गेली, हे अर्थशास्त्र. चार हेक्टरची मर्यादा हा कायदा आणि मोजणी हे गणित. आपल्या वनहक्क समितीतल्या सातवी शिकलेल्या बाईने जीपीएस धरून शिवार फिरताना हे सगळं केलंय. तिला कुणी सर्टिफिकेट दिलं?

आणि सामाजिक बदल म्हणजे काय, हे कुणी कुणाला शिकवायचं? १९४५ साली वारल्यांनी वेठबिगार झुगारली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड गेला. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक नंतर आलं. आधी माणसं जागी झाली, मग ते लिहिलं गेलं. हा क्रम विसरून चालणार नाही.

बाहेरच्यांशी बसून शिकायला आपली ना नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचं बघा. तिथे अभ्यास गट चालले. गावचे आणि बाहेरचे एकत्र बसत, विषय काढत, बोलत. निर्णय मात्र ग्रामसभेचा, आणि तोही सर्वांच्या सहमतीने. २००९ साली त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ साली बांबू वाहतुकीचं पासबुक ग्रामसभेच्या हाती आलं. तो अभ्यास गावासाठी होता, म्हणून गावाला उपयोगी पडला.

म्हणून आपलं म्हणणं असं. कॉलेजला ‘या’ म्हणू, पण अटी घालून. प्रत्येक पाड्याने ग्रामसभेत यावर बोलावं आणि ठराव करावा:

१. आधी ग्रामसभेची परवानगी, मग मुक्काम. प्रश्न कोणते विचारणार, ते आधी ग्रामसभेत वाचून दाखवायचे.

२. विचारल्याशिवाय फोटो नाही, नाव नाही.

३. तीन दिवसांत बदल समजत नाही. लावणीला या, कापणीला या, दाव्याच्या सुनावणीला तालुक्याला आमच्याबरोबर बाकावर बसा.

४. वडीलधाऱ्यांचं सांगणं लिहिणार असाल तर दोन प्रती करा. एक तुमच्या वहीत, एक आमच्या फाइलमध्ये, सही-अंगठ्यासह. दावा फेटाळल्याचं कळल्यापासून अपिलाला ६० दिवस असतात. लिहिता येणाऱ्या पोरांनी त्या ६० दिवसांत अर्ज लिहायला बसावं. याहून चांगला अभ्यास कोणता?

५. रिपोर्ट मराठीत करा आणि ग्रामसभेत उभं राहून वाचा. चूक असेल ते आम्ही सांगू, ते दुरुस्त करा.

६. शिकवणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मानधन द्या. आणि आपली बारावी झालेली पोरं, वनहक्क समितीवर काम करणारी, त्यांना या कोर्सात फी न घेता बसवा.

काही जण म्हणतील, इतक्या अटी घातल्या तर कुणी येणारच नाही. न येवोत. जे येतील ते कामाचे असतील. वर्षानुवर्षं सर्व्हे झाले, त्यांतून किती सातबारे निघाले ते मोजा.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. ठरावाची एक प्रत संघटनेच्या कचेरीत पाठवा. आणि कॉलेजची वाट बघत बसू नका. पाड्यातलं सर्वांत म्हातारं माणूस कोण ते आजच ठरवा, त्याच्याजवळ वही घेऊन बसा आणि लिहायला लागा. कोणाचा दावा कधी फेटाळला त्याची तारीख त्याच वहीत पहिल्या पानावर लिहा. ६० दिवस पटकन सरतात.

जोहार! जिंदाबाद!